खड्ड्याचं अंदाजपत्रक

धाकटा भाऊ गेला तेव्हा फैजपूरच्या मळ्यातल्या त्याच्या घरामागे पोहण्याच्या तलावासाठी खणलेला खड्डा उघडाच होता. मांडव टाकायला मागचं अंगण तेवढं मोकळं होतं, त्यामुळे दारावर येणाऱ्यांच्या खुर्च्या खड्ड्याच्या काठाशीच मांडल्या गेल्या. माणसं यायची, भावजयीजवळ दोन शब्द बोलायची, आणि बोलण्यासारखं काही उरलं नाही की त्यांची नजर हळूच खड्ड्यात उतरायची. एखादा विचारायचा, "शेततळं का?" मग तोच मान हलवून म्हणायचा, "चांगलं केलं. पाणी लागतंच."

ते शेततळं नव्हतं. शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात, ह्याच्या उभ्या होत्या, सुरीने कापल्यासारख्या. काळी माती खोलवर एकसारखी. मी त्या दिवसांत सारखी कडेला जाऊन उभी राहत होते. बसवत नव्हतं. आत बायका बसलेल्या, बाहेर पुरुष, आणि मी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. कोणीतरी मागून म्हणालं, "अक्काले आत न्या वं, चक्कर येईन." चक्कर येत नव्हती. पाय थांबत नव्हते, एवढंच.

भाऊ केळीवाला. वडिलांची बाग त्याने वाढवली, मग रावेरला माल भरायचं स्वतःचं केंद्र काढलं, मग मळ्यात हे घर बांधलं. गेला तोही रावेरलाच, भर दुपारी, भरलेल्या ट्रकला ताडपत्री बांधत असताना. तलावाबद्दल त्याने व्यापारी मित्रांना सांगितलं होतं की पाहुण्यांसाठी करतोय, दिल्लीचे लोक माल बघायला येतात, त्यांना जरा बरं वाटलं पाहिजे. मित्रांना ते पटलं होतं. मला मात्र त्याने फोनवर वेगळं सांगितलं. म्हणाला, "अक्का, तुझी भावजय लग्न झाल्यापासून कोरडी आहे."

तिचं माहेर धुळे जिल्ह्यातलं, शिरपूरच्या अंगाला, तापीच्या काठावर. लहानपणी ती नदीत पोहायची. नुसती डुंबायची असं नाही, सरळ पलीकडे जाऊन परत यायची. लग्न होऊन आमच्याकडे आली आणि पाणी संपलं. म्हणजे पाणी होतं, विहिरीत, पाटात, हौदात, पण सुनेने उतरावं असं पाणी नव्हतं. भाऊ दरवर्षी तिला माहेरी सोडायला जायचा तेव्हा ती गाडी तापीवर थांबवायला लावायची, असं तोच सांगायचा. उतरायची नाही. काच खाली करून बघायची.

हे सगळं माहीत असूनही तेराव्यानंतर घरची माणसं खड्ड्याचं काय करायचं म्हणून बसली तेव्हा मी गप्प होते, कारण मला स्वतःलाच तो खड्डा बुजवून टाकावासा वाटत होता. बुजवणं शक्य नव्हतं हा भाग वेगळा. खड्ड्यातली सगळी काळी माती आमच्या नानांनी, म्हणजे धाकट्या काकांनी, ट्रॅक्टर लावून आपल्या मुरमाड शेतात नेऊन पसरली होती आणि तिच्यावर हरभरा उभा होता. नाना म्हणाले, "बुजायचं कशाले? कागद टाकू. सरकारची मदत भेटते. सूनबाई, दोन बागांचं पाणी होईन यात."

कागद म्हणजे शेततळ्यात अंथरतात ते जाड काळं प्लॅस्टिक. सगळ्यांनी माना हलवल्या. भावजय चहाचे कप गोळा करत होती. आत गेल्यावर मला म्हणाली, "अक्का, शनिवारी याल? तलावाचा ठेकेदार नाशिकहून येणार आहे. मी बोलावलंय. त्याचं सगळं इंग्रजीत असतं आणि तो फार भराभर बोलतो."

मी जळगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकांची अंदाजपत्रकं मी आयुष्यभर केली. मिळालेल्या रकमेत कुठला विषय उपाशी ठेवायचा हे ठरवणं, एवढंच ते काम. तलावाचं अंदाजपत्रक मला कळेल असं भावजयीला का वाटलं कोण जाणे. पण मी हो म्हटलं, कारण शनिवारी घरी बसून करायचं तरी काय होतं? त्या दिवसांत वाचन सुटलं होतं. पुस्तक उघडायचं, परिच्छेदाच्या शेवटी पोचायचं, आणि काय वाचलं ते आठवायचं नाही. लायब्ररीत एकच खोका मी दोनदा नोंदवला. सहकारी म्हणाली, "मॅडम, रजा घ्या." रजा घेऊन कुठे जायचं हे तिने सांगितलं नाही.

तेव्हा शनिवारची बस. भुसावळ, मग तापीवरचा पूल, मग केळी सुरू. पुलावर आलं की मी खिडकीतून बाहेर बघायची नाही असं ठरवायची आणि बघायची.

ठेकेदार गोरा, सभ्य, तिशी-पस्तिशीतला माणूस होता. त्याच्या बुटांना मळ्यातली माती लागली तर तो दर वेळी थांबून ती पुसायचा. त्याने टॅब्लेटवर भावाने पसंत केलेलं सगळं दाखवलं. सिमेंटचा भक्कम हौद. एका बाजूने पाणी काठोकाठ भरून हळूच ओसंडणारं, म्हणजे काठ दिसतच नाही अशी सोय. ते ओसंडलेलं पाणी झेलायला खाली वेगळी टाकी. काचेच्या बारीक निळ्या टाइल. पाण्याखाली रंग बदलणारे दिवे. एका भिंतीवरून पडणारा धबधबा. आणि कोपऱ्यात तोंडातून पाणी सोडणारा डॉल्फिन.

डॉल्फिन मला माहीत होता. भावाने त्याचा फोटो पाठवून विचारलं होतं, "कसा आहे?" मी लिहिलं होतं, "तोंड फार उघडं आहे." त्यावर त्याने हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवली होती.

भावजय शांतपणे बघत होती. मग तिने विचारलं, "आणि पाणी साफ कसं होणार?"

ठेकेदाराने जरा घसा खाकरला. "तेच तर, मॅडम. फिल्टर प्लांटवर साहेबांनी काट मारली. मी पुन्हा पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, पाणी फिरवत बसायचं कशाला, आठवड्याला केळीला सोडू आणि ताजं भरू."

भावजयीने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर. कारण मला नेमकं ठाऊक होतं, हे त्याच्या डोक्यात कुठून आलं.

आमच्या लहानपणी विहिरीवर हौद होता. मोटर सुरू झाली की जाड पाइपातून पाणी त्यात धपकन पडायचं. आम्ही दोघं त्या धारेखाली बसायचो, डोकं बधिर होईपर्यंत. भाऊ नाक धरून खाली बसायचा आणि मी वर मोजायची. तो हौद कधी कोणी धुतल्याचं मला आठवत नाही. धुवायची गरज नव्हती. पाणी एका बाजूने यायचं आणि दुसऱ्या बाजूने पाटात पडून केळीकडे निघून जायचं. पाणी साचतं, मग खराब होतं, मग साफ करावं लागतं, ही कल्पनाच आम्हाला नव्हती. पाणी म्हणजे वाटेवर असलेली वस्तू. आपण मध्येच बसून घ्यायचं आणि तिला जाऊ द्यायचं. पन्नाशी उलटलेल्या, लाखोंचे व्यवहार करणाऱ्या माझ्या भावाने निळ्या काचेचा, दिव्यांचा तलाव काढायला घेतला, आणि आतून तो हाच हौद काढत होता.

"केळीला सोडायचं म्हणजे पाटाने ना?" भावजय म्हणाली. "आपल्याकडे पाट आहेत कुठे आता? सगळी ठिबक आहे. त्यांनीच बसवली. एवढं पाणी एकदम सोडलं तर बाग बुडेल."

"आणि औषध टाकलेलं पाणी केळीला चालणार नाही," ठेकेदार म्हणाला. "औषध नाही टाकलं, तर उन्हाळ्यात आठ दिवसांत हिरवं. तुमच्याकडचं ऊन..." त्याने वर बघितलं आणि वाक्य सोडून दिलं.

तेव्हा मी पहिल्यांदा बोलले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "त्याने काढलंय तसंच होऊ दे. त्याने विचार केला असेल."

"अक्का, त्यांनी काढलं तसं केलं तर शेवाळ धरेल."

"धरू दे. बदलू आपण पाणी."

"बोअर किती खोल गेलीय माहीत आहे तुम्हाला? दर आठवड्याला कुठून आणायचं?" मग ती एकदम माहेरच्या बोलीत शिरली, जे ती फक्त फार चिडली की करायची. "माले शेवाळमा नही उतरनं, अक्का!"

ठेकेदार बूट पुसायला बाहेर गेला.

पुढचे अनेक शनिवार आम्ही त्या अंदाजपत्रकावर भांडलो. तिचा नियम एकच होता: भावाने तलावासाठी बाजूला काढून ठेवलेली रक्कम होती तेवढीच. केळीच्या पैशाला हात लावायचा नाही, कोणाकडे मागायचं नाही. त्या रकमेत फिल्टर बसवायचा म्हणजे दुसरं काहीतरी उठवायचं. ती एकेक गोष्ट उठवत होती आणि मी तिथेच बसून प्रत्येक गोष्टीची बाजू घेत होते. धबधबा गेला. रंगीत दिवे गेले. तिने साधे पांढरे ठेवले. दिसेनासा काठ गेला आणि त्याच्याबरोबर खालची टाकीही गेली. ठेकेदाराने सांगितलं की ह्या एका काटछाटीतच फिल्टर बसला. ती खूश झाली. मला मात्र वाटलं, आपल्या भावाला कोणीतरी हप्त्याहप्त्याने कमी करत आहे.

डॉल्फिनवर मी अडून बसले. ज्या डॉल्फिनला मी स्वतः नावं ठेवली होती, त्याच्यासाठी मी म्हणाले, "हा एक तरी राहू दे. त्याने हौसेने घेतला होता."

"तोंड किती उघडं आहे त्याचं," भावजय म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिला तो निरोप माहीत नव्हता. मी उठले आणि खड्ड्याभोवती चालायला लागले. परत आले तेव्हा तिने डॉल्फिनवर अजून रेघ मारली नव्हती; पेन हातात धरून माझी वाट बघत होती. मी म्हटलं, "मार." तिने मारली. आणि मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. दुपार तशीच होती. चहा तसाच गार झाला होता.

खर्चाच्या दोन गोष्टी अशा निघाल्या की ज्यांचा भावानेही विचार केला नव्हता. एक जमिनीची. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, तुमची जमीन फार चांगली आहे, हाच प्रॉब्लेम आहे." काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि सिमेंटच्या भिंतीला दोन्हीकडून ढकलते. म्हणून तळाशी आणि चारी बाजूंनी मुरूम भरायचा. हे ऐकून नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हन्जे मही जमीन सोन्याची आन् तुमची मातीची! न्या, मह्या शेतातला मुरूम न्या. फुकट देतो." तो त्यांनी खरंच दिला. फुकट, आणि पुन्हा सगळ्यांना सांगून.

दुसरी गोष्ट भिंत.

घराच्या मागून नानांच्या शेताकडे जाणारा रस्ता आहे. सकाळ-संध्याकाळ मजूर, ट्रॅक्टर, दुधवाले, शाळेची पोरं, सगळी त्यावरून जातात. पाहुण्या पुरुषांना पोहायला भिंत लागली नसती, म्हणून भावाच्या अंदाजपत्रकात ती नव्हतीच, की तिचा हिशेब त्याने मनात वेगळा ठेवला होता, ते मला कधी कळलं नाही. भावजयीला ती लागणार होती. पण चारी बाजूंना उंच भिंत, त्या काळ्या जमिनीत तिचा पाया, असं सगळं धरलं तर एकटी भिंत तलावाच्या निम्म्या खर्चावर जात होती. फिल्टर काढला तर भिंत बसत होती. भिंत काढली तर फिल्टर. टाइल उतरवून साधा निळा रंग दिला तरी पुरत नव्हतं. आम्ही तीच बेरीज पुन्हा पुन्हा केली. एका शनिवारी मी थकून म्हटलं, "आकार कमी कर."

"मग तो हौद होईल, अक्का. हौदात पोहता येत नाही. वळेपर्यंत भिंत येते." तिने हात सरळ पुढे नेऊन दाखवला. साडीचा पदर खांद्यावरून घसरला आणि तिने तो सावरला नाही. "मला सरळ जायचंय. थोडं तरी सरळ."

त्याच सुमारास नाना कागदवाल्याला घेऊन आले. शेततळ्याचं प्लॅस्टिक विकणारा माणूस, हातात टेप. त्यांनी परस्पर मापं घ्यायला सुरुवात केली. उन्हाळा चढला होता. भावजय पदर डोक्यावर घेऊन बाहेर आली, मी मागोमाग.

"नाना, टेप गुंडाळा," ती म्हणाली.

"का बरं?"

"मी ठेकेदाराला हो सांगितलंय. सोमवारी सळई येतेय."

नानांनी टेप सोडली नाही. "सूनबाई, तो होता तव्हा ठीक होतं. त्याचे पाहुणे, त्याचा धंदा. आता दिल्लीवाले येतीन का इथं? तू सांग मले, आता हे कोनासाठी?"

कागदवाला टेपचं दुसरं टोक धरून खाली बघत उभा होता. मला बोलायचं होतं. मला भावाचं ते फोनवरचं वाक्य सगळ्यांसमोर म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. पण त्याआधी ती म्हणाली, "मन्हासाठी."

नाना म्हणाले, "काय?"

"मन्हासाठी, नाना. माले पोहता येस. त्यास्नी मन्हासाठीच काढेल व्हतं." मग तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि साध्या बोलीत म्हणाली, "लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे. नवरा जाऊन सहा महिने नाही झाले आणि हिला पोहायचं सुचतंय, असं म्हणतील. म्हणू द्या. तुम्ही म्हणू नका म्हणजे झालं."

नानांनी टेप सोडली. ती सर्रकन कागदवाल्याच्या हातात जाऊन बसली. तो म्हणाला, "मंग मी येऊ का?" आणि टेप खिशात घालून गेला.

नाना मांडवाच्या जुन्या खांबाला टेकून खाली बसले. मी त्यांना पाणी आणून दिलं. ते दोन घोट प्यायले. मग विचारलं, "कुठं पोहायची तू?"

"तापीत. गावाजवळ."

"तिथं पात्र लय मोठं आहे नदीचं."

"हो."

"पार जायची?"

"जायची आणि यायची."

नानांनी तांब्या खाली ठेवला. "आन् लोकं पाहतीन त्याचं काय? हा रस्ता आहे."

"भिंत बसत नाही पैशात. मी केळी लावणार आहे. चारी बाजूंनी, दाट. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावली की..."

"मृगबाग लावशीन?" नाना एकदम सरळ बसले. "चारी बाजूनं मृग? आन् पुढच्या वर्षी घड कापले की? चारी बाजूनं एकदम उघडं पडीन! कोन शिकोलं तुले?"

"बुंध्याला फुटलेली पिलं ठेवीन ना."

"पिलं वर येईलोक काय करशीन? नही नही. हे असं कर." ते उठले, काठी उचलली आणि मातीत रेघा मारायला लागले. "घराच्या बाजूनं आन् इकडं मृगबाग. रस्त्याच्या बाजूनं कांदेबाग, तीच केय पन दिवाईच्या आसपास लावायची. म्हन्जे एक कापनीले आली तव्हा दुसरी उभी. आन् रस्त्याच्या बाजूले बाहेरून शेवरी पेर. केय पडते वाऱ्यात, शेवरी पडत नही. दोन ओळी. जवळजवळ." त्यांनी रेघ मारली, पुसली, पुन्हा मारली. "ठिबकची नळी मी टाकून देईन. आन् ते तुमचं औषधाचं पानी केईत नाही आलं पाह्यजे, आधीच सांगतो. मह्या बांधाले तर नहीच."

"शोषखड्डा आहे त्याला," भावजय म्हणाली. "ठेकेदाराने धरलाय."

"धरला त बरं."

ते काठी घेऊन रस्त्याकडे चालायला लागले, जागा बघायला. होकार त्यांनी दिलाच नाही. अंतरं तेवढी दिली.

सिमेंटचं काम भर उन्हाळ्यात झालं. भिंतींना दिवसभर पाणी मारावं लागायचं, गोणपाट ओलं ठेवावं लागायचं, आणि भावजय ते स्वतः करायची. तिच्या हातावर सिमेंटने भेगा पडल्या. मी शनिवारी जायची आणि तिच्याबरोबर पाइप धरायची. ते काम माझ्या पायांना मानवलं; चालत राहावं लागतं त्यात. ठेकेदाराने एकदा सहज सांगितलं की बांधायचा खर्च एकदाच, पण पाणी निळं ठेवायचा खर्च रोजचा, लोक तोच विसरतात. वीज, औषध, फिल्टरची वाळू बदलणं, सगळं. भावजय म्हणाली, "लिहा तेही." त्याने लिहिलं. तिने आकडा बघितला आणि बाहेरच्या दोन खुर्च्या आणि छत्री काढून टाकली.

पाऊस आला, मृगबाग लागली. मग टाइल. मग तलाव पहिल्यांदा भरून तसाच ठेवला, पाणी कुठे झिरपतंय का बघायला. झिरपलं नाही. त्या दिवशी मला वाटलं होतं की काहीतरी होईल. मी रडेन, किंवा ती. आम्ही दोघी काठाशी उभ्या राहिलो आणि ती म्हणाली, "पान पडलंय बघा," आणि जाळी आणायला गेली.

कांदेबाग ऑक्टोबरात लागली. तोवर मृगबाग छातीपर्यंत आली होती, पण रस्त्याच्या बाजूला नवी रोपं वीतभर. शेवरी गुडघ्याला. सगळ्यांचं ठरलं की तलाव आता पुढच्या वर्षी वापरायचा, केळी वर आल्यावर. भावजयही हो म्हणाली होती. मला बरं वाटलं की वाईट, सांगता येत नाही. एवढी धडपड केल्यावर पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं, हे मला त्या दिवसांतल्या सगळ्या गोष्टींसारखंच वाटलं.

पुढच्या शनिवारी बस लवकर पोचली. फाट्यावरून चालत येताना ऊन कडक होतं. मळ्याच्या वळणावर, भर रस्त्यात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नाना बसले होते. घराकडे पाठ. हातात सकाळचं वर्तमानपत्र, तेही उघडलेलं नाही. त्यांच्यासमोर दुधवाला मोटरसायकलवर एक पाय टेकून उभा होता.

"नाना, जाऊ द्या ना. दूध नासीन."

"दुसऱ्या बांधानं जाय."

"तो लय लांब पडतो. काय झालं काय पन इथं?"

"रस्ता बंद आहे."

"कशाले बंद?"

"मी बसलो आहे म्हनून!" नाना ओरडले. "दिसत नही का तुले? फिरव गाडी!"

त्याने गाडी फिरवली. नानांना मी दिसले. ते जरा ओशाळले. "अक्का, तू जाय. तुले कोन अडवतं. आन् तिले विचार, अजून किती येळ? मही पाठ तापली."

मी वीतभर रोपांच्या ओळी ओलांडून गेले. पाण्याचा आवाज आधी आला. लहानपणच्या त्या धारेसारखा नाही, थांबून थांबून येणारा, हात आपटल्यासारखा. भावजय सलवार-कमीज घालून पाण्यात होती. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सरळ जात होती, भिंतीला हात लावत होती, वळत होती, परत येत होती. दम लागलेला दिसत होता. वय झालं होतं, सवय गेली होती, तरी हात बरोबर पडत होते. कोणाला दाखवायला नाही. समोर बघतही नव्हती.

मी काठाकाठाने चालायला लागले, नेहमीसारखी. ती गेली की मीही त्या टोकाकडे, ती वळली की मी परत. अशा मी कितीतरी खेपा घातल्या असतील. शेवटी ती मधेच थांबली, केस मागे सारले आणि श्वास घेत म्हणाली, "बसा ना, अक्का! कितल्या चकरा मारतस तुम्ही?"

मी चपला काढल्या. काठाची फरशी पायाला भाजत होती, म्हणून मी पाय पाण्यात सोडले. पाणी वर कोमट होतं, खाली गार. कोपऱ्यात, जिथे डॉल्फिन येणार होता, तिथे फिल्टरचं पाणी परत येत होतं. तेवढ्याच जागी निळ्या टाइल हलताना दिसत होत्या.

"नाना विचारतायत, किती वेळ," मी म्हटलं.

"त्यांना म्हणा, आत्ता तर सुरू केलंय," ती म्हणाली, आणि भिंतीला पाय लावून निघाली.

मी उठून सांगायला जाणार होते. पण उठले नाही. बसल्या जागेवरूनच रस्त्याकडे तोंड करून ओरडले, "नाना, आत्ता तर सुरू केलंय म्हणते!"

रोपांच्या पलीकडे नानांनी मागे न बघता हात वर केला, आणि वर्तमानपत्र डोक्यावर धरलं.